माईंचे हात

"उद्या बायकांचे हात भराल तेव्हा भराल, माईंचे मात्र आजच भरून टाका," शैलजावहिनी म्हणाल्या. "आणि या मागच्या दारानं. पुढं मांडववाले आलेत."

मी दुकानाच्या पायरीवर बसून बांगड्यांच्या माळा लावत होते. माघ महिना होता, सकाळचे दहा वाजले असतील. वहिनी शाळेत निघाल्या होत्या, वाट वाकडी करून आमच्या पेठेत आल्या होत्या. सायकलवरून उतरल्या तेवढ्याच, हँडल काही सोडलं नाही.

"मागच्या दारानं आम्ही येत नाही वहिनी," मी हसत म्हटलं. "चुडा घेऊन येणारी बाई पुढच्याच दारानं यावी. आमच्या आत्याबाई वरनं बघत असतील."

"मग त्यांना म्हणावं, आज एक दिवस डोळे मिटा."

म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "दुपारी दोनला. मी अर्धी रजा टाकलीय," एवढं बोलून सायकलवर बसल्या नि गेल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमची कासाराची पिढीजात गादी. पुरुषांनी दुकान सांभाळायचं आणि बायकांनी पेटी घेऊन घरोघर जायचं, अशी वाटणी. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी मला शेजारी बसवून हात कसा धरायचा ते शिकवलं. अंगठा आत दुमडायचा, बोटांची मोळी करायची, हाड दाबायचं पण दुखवायचं नाही, बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि बांगडी कधी चढली ते तिला कळू द्यायचं नाही. मग म्हणाल्या, "आता दुसरं ऐक. हात बघायचा, तोंड बघायचं नाही. हाताला जे दिसेल ते हातापाशीच ठेवायचं. कासारीण बोलायला लागली की चार घरं बंद होतात." मी ते इतकं चोख पाळलं की पेठेत माझ्या तोंडाला कुलूप आहे असं बायका कौतुकानं म्हणायच्या. मलाही त्याचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

सबनिसांकडं दुसऱ्या दिवशी सहस्रचंद्रदर्शन होतं. अण्णा सबनीस कोर्टात नाझर होते, त्यांना एक्याऐंशी पुरी झालेली. हजार पौर्णिमा बघितलेला माणूस म्हणून त्यांना ओवाळायचं, शेजारी माईंना बसवायचं. अण्णांचं एक अंग अर्धांगानं गेलेलं, वाचाही गेली होती. मुलगा मुकुंद वीज मंडळात, आठवड्यातले पाच दिवस फिरतीवर. घर चालायचं ते सुनेवर. शैलजावहिनी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, महिला मंडळाच्या कार्यवाह होत्या, आणि गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

माझ्यावर तर त्यांचे उपकारच होते. माझी वैजू गणितात कायम गटांगळ्या खायची. तिला वहिनींनी दोन वर्षं रोज संध्याकाळी घरी बसवून फुकट शिकवलं. आता तिची बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती आणि डी.एड.च्या प्रवेशाचं वहिनी बघणार होत्या. कासाराच्या घरातली पहिली मास्तरीण! मी रात्री झोपताना ते मनात घोळवायची.

दोन वाजता पेटी घेऊन मागच्या दारानं गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

परसात न्हाणीघराला लागून एक खोली होती, पूर्वी तिथं जळण ठेवायचे. वहिनींनी तिची कडी काढली. मी समजले, बांगड्या भरायला निवांत जागा म्हणून इथं बसायचं. आत खाटेवर एक म्हातारी बसलेली दिसली. केस पुरुषासारखे बारीक कापलेले, अंगावर नुसतं पातळ गुंडाळलेलं. ही कोण, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्या माई होत्या. पंधरा वर्षं मी त्यांना बांगड्या भरत होते. मऊ, भरलेला हात, अडीचाची बांगडी लागायची. बांगड्या भरून झाल्या की मला पाटावर बसवून जेवू घालायच्या आणि वाढताना म्हणायच्या, "लाजू नकोस गं विमल, कासारीण म्हणजे बाईच्या माहेरची." दीड वर्षापूर्वी वहिनींनीच मला निरोप दिला होता, की माईंना आता बांगड्या टोचतात, येऊ नका. विसरायला लागल्यात असंही कानावर होतं. म्हातारपण म्हटलं की हे आलंच, म्हणून मीही चौकशी केली नाही.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "कोपरापर्यंत भरा. हिरव्याच."

मी खाली बसले, मांडीवर फडकं पसरलं आणि माईंचा हात हातात घेतला. मनगटाभोवती काळा वळ होता. एका बाजूनं सालटं निघून ओलं झालेलं. दुसरा हात घेतला, त्यालाही तसंच. मी खिडकीकडं बघितलं. गजाला जुन्या लुगड्याच्या काठाची दोरी होती, तीन पदरी, वळून पक्की केलेली. गाईला बांधतात तशी.

वहिनींनी माझी नजर बघितली.

"निघून जातात हो विमलबाई," त्या म्हणाल्या. "दोनदा हमरस्त्यावर सापडल्या. एकदा ट्रकखालीच जायच्या. मला शाळा, अण्णांचं सगळं अंथरुणात, हे घरी नाहीत. मी एकटी कुठं कुठं पुरी पडू? सांगा ना!"

खरं होतं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि आवाज फाटला होता. मला त्यांची दया आली. आजही आठवलं की येते, हेही सांगून टाकते.

"व्हय, बाईमाणसानं काय काय करायचं," मी म्हटलं आणि माईंची बाही वर सारली. कोपराच्या खाली एक डाग होता. तीन बोटं रुंद, वरनं गोल, खालनं सरळ. खपली धरलेली.

"आणि हे वो?"

"चुलीपाशी गेल्या होत्या."

सबनिसांच्या घरात पाच वर्षं गॅस होता. चूल मोडून तिथं ओटा केला तेव्हा मी स्वतः बघायला गेले होते. आणि चुलीचा चटका असा आखीव बसत नाही, उलथन्याचा बसतो. माझा हात थांबला. परसात मांडववाल्याचं पोर दोरी मागत होतं.

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "उद्या वन्सं येतायत जबलपूरहून. दोन दिवसांसाठी येणार, उगाच बघून जिवाला घोर लावून घेणार. म्हणून म्हटलं, जरा जास्त बांगड्या..."

तिथं मी पेटी उचलून चालती झाले असते तरी चाललं असतं. नुसतं "माझ्यानं होणार नाही" म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मी काय केलं ते ऐका. मी माईंचा हात वर धरून, खाली सोडून बघितला आणि म्हटलं, "नुसत्या जास्त भरून भागायचं नाही वहिनी. हात वाळलाय. अडीचाची घातली तर हात उचलला की सगळ्या कोपराकडं घरंगळतील आणि मनगट उघडं पडेल. मनगटाला अगदी लहान मापाची घट्ट बसवते, वर कोपराशी एक तशीच. मधल्या मग हलायच्या नाहीत."

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. "तुम्हाला बरं सुचलं," त्या म्हणाल्या. मला त्या क्षणीसुद्धा, देवाशपथ, जरासं बरं वाटलं. आपल्या हाताची कारागिरी कुणी वाखाणली की माणसाला बरं वाटतं.

मांडववाल्यानं हाक मारली म्हणून वहिनी पुढं गेल्या. मी ओल्या जखमेवर खोबरेल लावलं, मऊ मलमलीची पट्टी ठेवली आणि तिच्यावरून पहिली बांगडी चढवली. दुखलं असणार. माईंनी हूं की चूं केलं नाही. माझ्याकडं बघत होत्या, आणि मला वाटलं, ओळख लागत नसेल.

"विमल," त्या म्हणाल्या.

"होय माई."

"कुंदा यायचीय का गं?"

"उद्या सकाळच्या गाडीनं येतायत."

त्यांनी दाराकडं बघितलं. मग माझं बोट धरलं, तान्हं पोर धरतं तसं. "तिला माझा निरोप सांग. मला बोलू देत नाहीत. म्हणावं, मला घेऊन जा. मी फार जेवत नाही. कोपऱ्यात बसून राहीन."

"सांगते," मी म्हटलं.

"विसरशील."

"नाही विसरत माई."

दोन्ही हात भरून झाले तेव्हा पावणेचार वाजले होते. काम असं बसलं होतं, की कुठून डागाचा ठिपका दिसत नव्हता. वहिनी आल्या, त्यांनी माईंचे हात उचलून, हलवून बघितले. माझ्या ओटीत नारळ आणि खण घातला. वैजूचा विषय त्यांनी काढला नाही. काढायची गरजही नव्हती.

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू बांगड्या भरायला गेली होतीस का न्यायनिवाडा करायला?" मग कूस बदलून म्हणाला, "पोरीचं वर्ष आहे, विमल." मी अंधारात ठरवलं, कुंदाताईंचे हात भरताना कानात सांगायचं. एका वाक्याचं तर काम! त्या घेऊन जातील, माई सुटतील, वहिनीसुद्धा सुटतील. कुणाचं वाईट होतंय त्यात?

दुसऱ्या दिवशी सबनिसांच्या पडवीत मी पेटी मांडली. आत होम चालू होता. अण्णांना खुर्चीत बसवून जरीची टोपी घातलेली, शेजारी पाटावर माई. डोक्यावरून पदर घेतलेला, त्यामुळे कापलेले केस झाकले गेले होते. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा. बायका एकमेकींना दाखवत होत्या. "काय बाई हौस सुनेची! ह्या वयात सासूचे एवढे लाड कोण करतं?" परसाला परस लागून राहणाऱ्या सरूबाई गुरवही त्यांच्यात होत्या. त्या म्हणाल्या, "विमलवैनी, हात तुमचाच दिसतोय." मी मान हलवली.

कुंदाताई हात भरायला सगळ्यांच्या शेवटी आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, अंगानं माईंसारख्याच, गोऱ्या. मी त्यांचा उजवा हात घेतला. हात असा आवळलेला, की अंगठा आत जाईना.

"सैल सोडा ताई."

"सोडलाय की." पण सोडला नव्हता. खाली मान घालून हळू आवाजात म्हणाल्या, "आई फारच वाळलीय हो."

"वय झालं."

"माझ्याशी बोललीसुद्धा नाही. सारखी वहिनीकडं बघते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "काल तुम्ही भरल्यात ना तिला बांगड्या? हात कसे होते? म्हणजे, बरे होते ना?"

माझ्या जिभेवर निरोप आला होता. शब्द न् शब्द तयार होता. समोर स्वयंपाकघराच्या दारात वैजू पंगतीचं मीठ घेऊन उभी होती आणि शैलजावहिनी तिचा पदर खोचून देत होत्या, आईनं द्यावा तसा. पडवीत आणखी तीनचार बायका होत्या. त्याही गप्प झाल्या होत्या. सरूबाई हातातली पानं पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"सोन्यासारखं ठेवलंय हो सुनेनं," मी म्हटलं. "असं आजकाल कुणी करत नाही. भाग्यवान आहेत माई."

कुंदाताईंचा हात एकदम सैल पडला. बांगड्या अशा सरसर चढल्या की मलाच नवल वाटलं. बिचारीची काळजी मिटली, असं मी मनाला सांगितलं. भरून झाल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे वाकून मला नमस्कार केला आणि मी तो घेतला. दोन दिवसांनी त्या जबलपूरला परत गेल्या, एकट्याच.

वैशाखात माई गेल्या. भर दुपारी मुकुंद स्वतः बोलवायला आला. सवाष्ण बाई गेली की तिला हिरवा चुडा भरून पाठवायची रीत आहे, म्हणून कासारीण लागते. खाटेवरून पडल्या, खांदा निखळला, त्यातच ताप आला, असं त्यानं वाटेत सांगितलं. पडून चार दिवस झाले होते. डॉक्टर आले ते आज सकाळी, दाखला लिहायला.

बायकांनी आंघोळ घातली होती. उजवा खांदा काळानिळा पडला होता आणि त्या बाजूचा हात भाकरीसारखा सुजलेला. माणूस खाटेवरून पडतं तेव्हा अंगाखाली हात सापडून खांदा निखळतो. पण मनगटाला असा खोल सोललेला वळ त्यानं पडत नाही. हात वर बांधलेला राहिला होता आणि अंग खाली आलं होतं. किती वेळ तशा लोंबकळत होत्या कोण जाणे. पडल्या तो दिवस उत्तरपत्रिका तपासायचा होता, वहिनी जिल्ह्याला गेल्या होत्या, संध्याकाळच्या गाडीनं परतल्या. अण्णा पुढच्या खोलीत खुर्चीत होते. त्यांना ऐकू येत होतं.

डाव्या हातात मी भरल्या. उजव्यात बांगडी जाईना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला हात ऐकेना. वहिनी माझ्या मागं उभ्या होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "नावापुरता हिरवा दोरा बांधा मनगटाला." दोरा हातात घेतला, पण त्या मनगटाला आणखी काही बांधायला मी धजले नाही. तशीच उठले.

सरूबाईंनी पुढं होऊन माईंच्या खांद्यावर पदर ओढला. "सुटली बिचारी," त्या म्हणाल्या. "अहेव गेली, नशीबच म्हणायचं." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही.

कुंदाताई तिसऱ्या दिवशी पोचल्या. मी त्यांच्यासमोर गेलेच नाही. महिनाभर सबनिसांच्या गल्लीतून जायचं टाळलं, मग जायला लागले. वैजूला डी.एड.ला प्रवेश मिळाला, पुढं नोकरीही लागली. जावई चांगला मिळाला. आमचं सगळं बरं झालं, लोक म्हणायचे विमलबाईंनी पोरीचं सोनं केलं. मी मात्र माप चुकायला लागले. एखादीचा हात धरला की मला आधी मनगट दिसायचं, आणि उलटसुलट करून बघितल्याशिवाय बांगडी घालवत नसे. नवऱ्यानं मग मला घरोघर जाणं बंद करून दुकानात बसवलं.

अकरा वर्षांनी शैलजावहिनी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्या. गावानं मोठा सत्कार ठेवला होता, पेठेत कापडी फलक लागले होते. त्याच दिवशी दुपारी कुंदाताई माझ्या दुकानात आल्या. अण्णा कधीच गेलेले, ताईंचे यजमानही गेलेले. केस पांढरे झाले होते. मी बाकावर पाणी ठेवलं. पाणी पिऊन त्यांनी पेला बाकावर ठेवला.

मला राहवलं नाही. "ताई, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. त्या दिवशी पडवीत. माईंचे हात मी बघितले होते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मी विचारलं.

"तुमच्याकडं हात भरायला येण्याआधी मी आईला हात धुवायला मागं नेलं होतं. एक बांगडी नखानं वर सरकवली. खाली मलमल दिसली आणि तिच्यावर रक्त. मी ती बांगडी परत होती तिथं बसवली."

"मग मला कशाला विचारलंत?"

"काही नाही, असं तुम्ही म्हणावं म्हणून." त्या दुकानाच्या काचेकडं बघत बोलत होत्या. "आमच्याकडं दोन खोल्या. सासू बसलेली, ह्यांचा स्वभाव तसा. आईला नेलं असतं तर माझ्याच संसाराचं काय झालं असतं, हे मी हात धुताना मोजलं. तुम्ही चार बायकांसमोर खरं बोलला असतात ना विमलबाई, तर मला तिला न्यावंच लागलं असतं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय उरली नसती. तुम्ही 'सोन्यासारखं' म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला. घरी जाताना गाडीत मी झोपले. चांगली झोपले."

मला त्यांचा असा संताप आला, की कानशिलं तापली. पोटची पोर! आणि लगेच कळलं, की ह्यांच्यावर संतापायला मी कोण? ह्यांनी बांगडी सरकवून मलमल बघितली, पण ती ठेवली होती मी. अकरा वर्षं मी समजत होते की एका भोळ्या बाईला फसवलं. ती भोळी नव्हती. तिला फक्त एका माणसानं सगळं बरं आहे असं तोंडानं म्हणायला हवं होतं.

"ताई, माईंनी तुमच्यासाठी निरोप दिला होता," मी म्हटलं.

त्या ताडकन उठल्या. "नको."

"तीनच वाक्यं आहेत."

"नका सांगू. पाया पडते तुमच्या, विमलबाई. मी त्याच्यासाठी नाही आले." पिशवी उचलून त्या पायऱ्या उतरल्यासुद्धा.

मी अनवाणी मागं धावले. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला. मी पायरीवरून ओरडले, भाजीवाली ओरडते तशी, "मला घेऊन जा म्हणाल्या! मी फार जेवत नाही म्हणाल्या!"

त्या थांबल्या. पाठ माझ्याकडंच होती. लोक वळून बघायला लागले.

"आणखी?" त्यांनी तसंच, न वळता विचारलं.

"कोपऱ्यात बसून राहीन म्हणाल्या."

कुंदाताई भर रस्त्यात मटकन खाली बसल्या. वहिनींच्या सत्काराला आणलेलं श्रीफळ पिशवीतून घरंगळत गटारापाशी गेलं. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. सरूबाई गुरवांचं पूजेच्या सामानाचं दुकान तेव्हा माझ्या शेजारीच होतं. त्या लगबगीनं आल्या. "काय झालं वो वैनी? कुणाचं काय?"

अशा प्रश्नाला मी जन्मभर एकच उत्तर देत आले होते, की काही नाही. त्या दिवशी म्हटलं, सांगते. आणि उभ्या बाजारात, वीसपंचवीस माणसांसमोर, सगळं सांगितलं. मागचं दार, गजाची दोरी, उलथन्याचा डाग, मी घातलेली मलमल, वर बांधलेला हात. शैलजावहिनींचं नाव घेऊन सांगितलं, माझंही घेतलं. वाटलं, आता कुणीतरी माझ्या तोंडात मारेल. निदान "काय सांगताय!" असं तरी कुणी म्हणेल.

दूधवाला बाजी मान खाली घालून सायकलची घंटी चाचपत राहिला. सबनिसांकडं धुणंभांडं करणारी आनशी गर्दीतून हळूच मागं सरकली. ज्यांनी माईंचा दाखला लिहिला ते डॉक्टर औषधाच्या दुकानाच्या दारात उभे होते, ते आत गेले.

सरूबाईंनी कुंदाताईंच्या काखेत हात घातला, माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात, मला समजावल्यासारख्या म्हणाल्या, "आवं वैनी, त्ये तर आमा समद्यास्नी तवाच ठावं हुतं."